निवडलेल्या मेथीची पेटी

अप्पांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "वाचा."

वाचण्यासारखं फार नव्हतं. नांदेडच्या एकाच अपार्टमेंटमधल्या एकवीस घरांनी त्या आठवड्यात आमची भाजीची पेटी बंद केली होती. आमच्या ॲपमध्ये पेटी बंद करताना कारण निवडावं लागतं. किंमत जास्त, दर्जा कमी, उशीर आणि इतर, अशी चार कारणं दिलेली आहेत. एकवीसच्या एकवीस घरांनी 'किंमत जास्त' यावर बोट ठेवलं होतं.

"आता सांगा," अप्पा म्हणाले. "म्हाग हाय का न्हाई आपली पेटी?"

मी म्हणाले, नाही. अप्पांनी मोबाइल खिशात घातला आणि चहा मागवला. त्यांचा चहा, माझा नाही. यावरून मला काय समजायचं ते समजलं.

आधी धंदा सांगते. मी लातूरजवळच्या एका पॅकहाऊसची मॅनेजर आहे. पॅकहाऊस म्हणजे शेतातून आलेली भाजी निवडायची, थंड करायची आणि पेट्यांत भरायची जागा. शिरूर अनंतपाळ आणि निलंग्याकडचे शेतकरी दुपारपर्यंत माल आणतात, संध्याकाळी पेट्या भरतात, सकाळी त्या गिऱ्हाइकाच्या दारात. आठवड्याची एक पेटी, चार माणसांच्या घराला पुरेल अशी. मालक मन्मथअप्पा. मूळचे उदगीरकडचे, घरचा धंदा दाळीचा. कपाळाला भस्म लावल्याशिवाय ते कुणाशी भावाचं बोलत नाहीत, आणि एकदा बोलले की बदलत नाहीत. भाजीत ते पोराच्या आग्रहावरून पडले. पोरगा नंतर बंगळूरला नोकरीला गेला. भाजी राहिली, आणि भाजीबरोबर मी.

आमच्या धंद्यात 'चर्न' असा एक शब्द आहे. पेटी सुरू करून नंतर सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचं प्रमाण, असा त्याचा अर्थ. लोणी काढताना ताक घुसळतात, त्याला इंग्रजीत हाच शब्द आहे. नवीन गिऱ्हाईक आणायला जाहिरात लागते, पहिल्या पेटीवर सूट लागते. जुनं गेलं की तो सगळा खर्च पाण्यात. एकवीस घरं एका आठवड्यात म्हणजे घुसळण जरा जास्तच झाली होती.

त्यात नांदेडचा रूट लांबचा. टेम्पोत शंभर पेट्या असोत की तीस, लातूर ते नांदेड डिझेल तेवढंच जळतं. त्या अपार्टमेंटच्या जिवावर तो रूट उभा होता. अप्पांनी हिशेब आधीच करून ठेवला होता. येळवशीपर्यंत बघायचं, नाहीतर नांदेड बंद. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडचं माणूस शहरात सापडत नाही, शेतात बसून ओल्या दाण्यांची भज्जी आणि ताकाची आंबील खातं. ती आता महिन्यावर आली होती.

आणि नांदेड बंद झालं तर निम्मं पॅकहाऊस बंद. माझं काय, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, दाळमिलमध्ये बघू कायतरी. परभणीला एम.एस्सी. हॉर्टिकल्चर करून तुरीच्या पोत्यांशेजारी खुर्ची टाकून बसायचं, हे चित्र मला दिसलं. मी लगेच त्याच्याकडे पाठ केली.

हे बोलणं चालू असतानाच आईचा फोन आला. आई अहमदपूरला असते, एकटी. वडील गेल्यापासून दुपारची जेवणं झाली की तिचा फोन ठरलेला.

"काय करायलीस?"

"काम."

"काय काम?"

"आई, मीटिंगमध्ये आहे."

"बरं. जेवलीस का?"

जेवले म्हणून मी फोन ठेवला. जेवले नव्हते. अप्पांनी विचारलं, कोण? मी सांगितलं. अप्पा म्हणाले, बोलायचं की मग. भाव सोडून इतर विषयांत अप्पा उदार आहेत.

अप्पांचं म्हणणं सरळ होतं. पावसाळ्यात पेटी साठ रुपयांनी वाढवली, म्हणून गिऱ्हाईक गेलं. पण साठ रुपये कशाचे वाढवले तेही सांगायला हवं. पावसाळ्यात आम्ही गिऱ्हाइकांना एक फॉर्म पाठवला होता: पेटीत काय बदल हवा? उत्तर जवळपास एकच आलं. भाजी निवडून पाठवा. ऑफिसातून आल्यावर मेथी निवडत बसायला वेळ नसतो. आम्ही नऊ बायका कामाला लावल्या. मेथीची पानं काढून, वालाच्या शिरा काढून, वाटाणा सोलून, लसूण सोलून, सगळं स्वच्छ पुड्यांत भरून पेटी जायला लागली. दिवाळीपर्यंत लोकांनी डोक्यावर घेतली. ॲपवर पाच-पाच तारे. दिवाळी झाली, पाहुणे परतले, आणि पेट्या बंद व्हायला लागल्या.

किंमत पावसाळ्यात वाढली. माणसं दिवाळीनंतर गेली. महाग वाटायला एवढा वेळ लागतो का, हा माझा प्रश्न होता. अप्पा म्हणाले, मॅडम, म्हाग कधी बी वाटू शकतं.

रविवारी मी टेम्पोत बसून स्वतः नांदेडला निघाले. सोबत वजनकाटा घेतला. टेम्पो खदीरभाईंचा. नांदेडचा रूट पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पेट्या त्यांच्याच हातून कमी झाल्या होत्या, त्यामुळे सांगायची गरज नव्हती.

वाटेत अहमदपूर लागतं. आईची पेटी तिथे उतरते. स्टाफला पेटी निम्म्या दरात मिळते, पैसे पगारातून कापून घेतात. मी आईसाठी सुरुवातीपासून लावली आहे. आई फाटकात उभीच होती. मी स्वतः आलेली बघून तिला आनंद झाला आणि दोन मिनिटांत निघणार हे कळल्यावर तो आवरला. पेटी हातात घेऊन ती म्हणाली, "छान असतं गं सगळं. मला काही करावंच लागत नाही." मला बरं वाटलं. निदान एक गिऱ्हाईक तरी खूश होतं.

लोहा मागे पडल्यावर खदीरभाई म्हणाले, "मॅडम, मेरेकू धंदे का कुछ समझता नै. लेकिन एक बात बोलूं? पैले पेटी लेने को अम्मा लोगां खुद नीचे आते थे. अब कोई आताच नै. दरवाजे पे रख दो बोलते."

मी म्हणाले, थंडी आहे, म्हणून येत नसतील. खदीरभाईंनी बाहेर बघितलं. ऊन चांगलं कडक पडलं होतं.

अपार्टमेंटमध्ये आमची मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वर्षाताई. बँकेत अधिकारी, सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपची ॲडमिन. तिनं पेटी लावली म्हणून बाकीच्यांनी लावली, आणि तिनं काढली म्हणून बाकीच्यांनी काढली. मोकळी बाई. चहा दिला, पोहे दिले, आणि म्हणाली की भाजीबद्दल तक्रार काहीच नाही. फक्त महाग पडते.

मी विचारलं, मग आता भाजी कुठून घेता?

"आक्का आणतात बाजारातून. त्यांना स्वस्त मिळते म्हणे."

आक्का म्हणजे वर्षाताईच्या सासूबाई. तेलंगणाच्या शिवेवरच्या देगलूरकडच्या, म्हणून आक्का. सत्तरीच्या पुढच्या, अंगानं बारीक, आवाजानं नाही. त्या आतूनच बोलत बाहेर आल्या. "लई म्हाग हाय बाई तुमची पेटी. वरनं मूठभर कोथिंबीर बी फुकट देत न्हाईत. असला कसला धंदा?"

मला राग येतो तेव्हा मी हिशेबाला बसते. लहानपणापासूनची खोड आहे. मी म्हणाले, आक्का, आजच सोक्षमोक्ष लावू. माझ्याकडे आजची पेटी आहे. त्यात जे आहे तेच तुम्ही बाजारातून आणा, मी सोबत येते. मग दोन्ही मोजू.

वर्षाताई म्हणाली, अहो राहू द्या. आक्का तोवर पिशवी घेऊन चपला घालत होत्या.

बाजारात आक्का वेगळ्याच बाई होत्या. भाव विचारायच्या, ऐकून छातीवर हात ठेवायच्या, आणि चालायला लागायच्या. दोन पावलांत विक्रेता हाक मारायचा. तो हाक मारेपर्यंत त्या मागे बघत नव्हत्या. मेथी, वाल, वाटाणा, तुरीच्या शेंगा, वांगी, सगळं असंच घेतलं. कोथिंबीर फुकट मिळाली आणि कढीपत्त्याची काडी त्यांनी स्वतःच्या हातानं उचलली. वांगी घेताना मात्र त्या गप्पांत अडकल्या. वांगीवालीची सून बाळंत झाली होती. मी वांगी बघत होते. तीन किडकी दिसली. मी बोलले नाही, स्पर्धा होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. मी कट केला.

"कोण?" आक्कांनी विचारलं.

"आई."

"कामून घेतला न्हाई?"

"रोजच करते हो. काही काम नसतं तिचं."

आक्कांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हाव," म्हणाल्या. "काम नसतंय म्हणूनच करती."

परत आल्यावर पार्किंगमध्ये काटा मांडला. नुसतं वजन केलं तर आक्का सरळ पुढे. तेवढ्याच पैशांत त्यांची भाजी आमच्या पेटीपेक्षा बरीच भरली. आक्कांनी वर्षाताईकडे बघितलं. पण आमच्या धंद्यात नुसत्या वजनाला अर्थ नसतो. खाण्याजोगं वजन बघायचं असतं. मेथीची जुडी घेतली तर त्यात मुळं, माती आणि काड्या आल्याच. तुरीच्या शेंगा किलोभर घेतल्या तर दाणे त्याच्या निम्मेही निघत नाहीत. टरफलाचेही पैसे तुम्ही दिलेले असतात. आमची पेटी निवडलेली, म्हणून बाजारची भाजीही निवडूनच मोजायची. मी तसं सांगितलं.

"निवडू की," आक्का म्हणाल्या. त्यांनी जिन्यातून वरच्या मजल्यांकडे तोंड करून दोन-तीन नावं घेतली.

चार बायका खाली आल्या. त्या जणू हाकेची वाट बघत होत्या. एकीनं सूप आणलं, एकीनं जुने पेपर, एकीनं परात. खुर्च्या कुठे टाकायच्या ते ठरलेलं होतं. लिफ्टच्या बाजूला, दुपारचं ऊन येतं तिथे. वर्षाताई कामं आहेत म्हणून वर गेली. मी घड्याळ लावून बसले होते, कारण निवडायला लागणारा वेळही मला हिशेबात धरायचा होता.

पहिली पाच मिनिटं मी घड्याळ बघितलं असेल. नंतर राहिलं.

बोलणं थांबत नव्हतं. कुणाच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाला, कुणाची नात पुण्याहून का येत नाही, दुसऱ्या मजल्यावरच्यांचा कुकर रोज एवढ्या शिट्ट्या का करतो. एकीला नीट ऐकू येत नव्हतं. तिला प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागायची, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिच्यात थोडी भर पडायची. मेथीची कोवळी काडी ठेवायची की टाकायची यावर दोघींचं खरं भांडण झालं. ते मिटलं नाही, पुढच्या खेपेला ठेवून दिलं. माझ्यापुढेही एक जुडी आली. मी निवडायला लागले. ऐकू न येणाऱ्या आजींनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, पानं काढायलीस का पोथी वाचायलीस?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

वांग्यांतली किडकी बाजूला निघाली. मी आक्कांकडे बघितलं. आक्का शांतपणे म्हणाल्या, "किडकं हाय म्हंजे औषध मारलेलं न्हाई." मी हा विषय शिकून आलेली आहे, पण असा नाही.

निवडून झाल्यावर परत वजन केलं. शेंगांत पोचट बऱ्याच निघाल्या होत्या. मेथी निम्म्यावर आली. वांगी तीन कमी. मी मोबाइलवर हिशेब केला आणि मोठ्यानं सांगितला. बाजारची भाजी पेटीपेक्षा थोडी महागच पडत होती. रिक्षाचे पैसे तर मी धरलेच नव्हते. पेटी परवडत होती. मी जिंकले होते.

कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. एकजण पेपर झटकायला लागली.

"बरं," आक्का म्हणाल्या. "तू जिंकलीस. आता येक सांग. भाजी निवडून आली, तर दुपारी आमी काय करावं?"

मी म्हणाले, आराम करा. टीव्ही बघा. गप्पा मारायला असं खाली येऊन बसा.

"रिकाम्या हातानं?" आक्का म्हणाल्या. "बाई रिकाम्या हातानं खाली येऊन बसली की लोक म्हणत्यात, घरात भांडण झालंय. सूप घेऊन बसली की कुणी कायबी म्हणत न्हाई."

बाकीच्यांनी माना हलवल्या.

"सैपाकाला बाई हाय. धुण्याला मशीन हाय. वर्षा लई चांगली हाय, मला तांब्या उचलू देत न्हाई. मेथी तेवढी राहिली होती माझ्या हातात. ती बी तू निवडून धाडलीस." त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगत होत्या. "दिवाळीपत्तर पाहुण्यांच्या गडबडीत कळलं न्हाई. पाहुणे गेल्यावर बघितलं तर आमची बैठक मोडलेली. ह्या दुसऱ्या मजल्यावर, मी पयल्या. लिफ्टीत भेटलो तर भेटलो."

मी विचारलं, वर्षाताईला का नाही सांगितलं?

"काय सांगू? तिनं माझ्याच सोयीसाठी मागवली. मला करमत न्हाई म्हणलं तर ती म्हणल, माझं कुठं चुकलं. उगं तिच्या जिवाला घोर. म्हाग हाय म्हणलं की झालं. म्हाग म्हणलं की कुणी उलटं विचारत न्हाई."

मग मी त्या चौघींना विचारलं, तुम्ही घरी काय सांगितलं? चौघींनीही तेच सांगितलं होतं. महाग आहे. सुनांनी ते ऐकलं आणि ॲपवर बोट ठेवलं. आमच्याकडे लातूरला ते एकवीस वेळा दिसलं, आणि अप्पांनी त्याचा आलेख काढून घेतला.

फॉर्म भरतात सुना. पेटी उघडतात सासवा. हे आमच्या ॲपला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, पण मी वजनकाटा घेऊन आले होते.

निघताना आक्कांनी बजावलं, वर्षाला सांगशील तर बघ. मी म्हणाले, नाही सांगत. त्यांनी पोचट शेंगांची टरफलं एका पिशवीत भरून मला दिली. फाटकाबाहेर बांधलेली शेळी होती, तिला टाक म्हणाल्या. मी टाकली. पॅकहाऊसची मॅनेजर म्हणून त्या दिवसातलं ते माझं शेवटचं काम.

सोमवारी अप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मी म्हणाले, दोन पेट्या ठेवू. एक निवडलेली, आहे त्या दरात. दुसरी न निवडलेली, साठ रुपये कमी.

"म्हंजे," अप्पा म्हणाले, "आपण मेहनत करून देत होतो, तवा लोक नाराज. आता मेहनत न करता देणार, तर खूश."

"हो."

"असा धंदा मी दाळीत तीस वर्षं धुंडायलोय."

मला काळजी नऊ बायकांची होती. नांदेडचं निवडणं गेलं तर त्यांच्या हातचं काम जाणार. सासवांना काम देऊन यांचं काढायचं, हे काही मला झेपणारं नव्हतं. मी तसं अप्पांना तोंडावर म्हटलं. अप्पांनी त्यावर एकच फोन केला. लातुरात क्लासेसना आलेल्या पोरांच्या मेस आहेत, गल्लोगल्ली. सोललेला लसूण आणि वाटाणा मिळत असेल तर मेसवाले उभ्या-उभ्या घेतात. नऊच्या नऊ बायका कामावर राहिल्या. अप्पांना भाजीतलं कळत नाही असं मी म्हणायची. ते आता म्हणत नाही.

नव्या पेटीचा मेसेज आम्ही सगळ्यांना पाठवला. 'ग्राहकांच्या मागणीवरून किंमत कमी केली आहे.' यात खोटं काही नव्हतं. ज्यांनी महाग आहे असं लिहून दिलं होतं, त्यांना आता स्वस्त झालेली पेटी नाकारायला कारण उरलं नाही. वर्षाताईचा फोन आला. किंमत कमी केली ते बरं केलं, पण निवडायचा त्रास आक्कांना पडेल, म्हणून ती विचारात होती. मी म्हणाले, त्यांनाच विचारून बघा.

मागून आक्कांचा आवाज आला. "आता स्वस्त झाली म्हणल्यावर घ्यावीच लागल. निवडीन मी. करते काय."

त्या 'करते काय'मध्ये इतका कंटाळा होता की मी फोन कानापासून लांब धरून हसून घेतलं.

बहुतेक घरं परत आली. सगळी नाही. तीन घरांना खरंच महाग वाटत होती, ती गेली ती गेली. एकाची बदली झाली. पण रूट उभा राहिला. येळवशीला त्या अपार्टमेंटची वेगळी ऑर्डर आली. भज्जीसाठी तुरी, वाल, वाटाणा, हरभरा, सगळं शेंगांसकट आणि नेहमीपेक्षा जास्त. अप्पांनी ऑर्डर बघितली आणि माझ्यासाठीही चहा मागवला. दाळमिलमधल्या खुर्चीचा विषय परत निघाला नाही. खदीरभाई सांगत होते की हल्ली टेम्पो फाटकात शिरला की अम्मा लोगां आधीच खाली उभ्या असतात. एखाद दिवशी उशीर झाला तर त्यांनाच बोलणी बसतात.

त्यानंतर त्या अपार्टमेंटमधून तक्रार एकच आली, तीही फोनवर, थेट मला. आक्का म्हणाल्या, मेथी लई साफ होती. माती न्हाई, गवत न्हाई, घटकाभरात उरकली. पाच जणी हाव आमी, जरा बघत जा. तक्रार नोंदवायची तर आमच्याकडे तीच चार कारणं. मी 'दर्जा कमी' वर बोट ठेवलं आणि पॅकहाऊसला सांगितलं की नांदेडच्या मेथीतलं गवत काढू नका. बायकांना वाटलं मॅडमचं डोकं फिरलं.

लोक मला अजून विचारतात, घरपोच भाजीची पेटी परवडते का? मी त्यांना विचारते, तुमच्या घरी ती उघडतं कोण? लोकांना वाटतं मी प्रश्न टाळते आहे.

नवी पेटी सुरू केली त्याच आठवड्यात मी आईची पेटीही बदलली. तिला काही सांगितलं नाही. ॲपवर न निवडलेली केली आणि खदीरभाईंना म्हणाले, अहमदपूरला तुरीच्या शेंगा जरा जास्त टाका.

पेटी पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला नाही. नेटवर्क नसेल असं वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी दोनदा मोबाइल उचलून आवाज चालू आहे का ते बघितलं. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मीच लावला. बराच वेळ वाजल्यावर आईनं उचलला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"काय करायलीस?" मी विचारलं.

"काम."

"काय काम?"

"शेंगा सोलायलेय. शेजारच्या बसल्यात सगळ्या. तू जेवलीस का? बरं, ठेव आता."

मी ठेवायच्या आधी तिनंच ठेवला.

तिच्या पेटीचे पैसे दर महिन्याला माझ्या पगारातून कापले जातात. परवडते.